युद्धस्मारकाच्या भिंतीआधी नावांची यादी

आपण वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षात आहात आणि प्रबंधासाठी राष्ट्रीय युद्धस्मारक हा विषय घेतला आहे. सुमारे सव्वीस हजार हुतात्म्यांची नावे कोरायची असतील तर भिंत सरळ असावी की वर्तुळाकार, नावे कोणत्या क्रमाने लावावीत आणि कोणत्या लिपीत कोरावीत, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. नावांकडे सध्या भिंतीचा पोत म्हणून पाहावे आणि आधी आकार पक्का करावा, असा सल्ला आपल्याला मिळाल्याचेही आपण लिहिले आहे. गेली सव्वीस वर्षे मी स्मारकांचीच कामे करत आले आहे. त्यांतली बहुतेक गावची आणि तालुक्याची आहेत, दोन-तीन मोठी आहेत. या अनुभवावरून सांगते की तो सल्ला बाजूला ठेवावा. नाव हा पोत नव्हे. नाव हे या वास्तूचे सर्वांत लहान दालन आहे, आणि एका कुटुंबाच्या दृष्टीने ते एकमेव दालन आहे.

खरा प्रश्न भिंतीच्या आकाराचा नाहीच. नाशिक जिल्ह्यातल्या किंवा नागालँडमधल्या एखाद्या खेड्यातून आयुष्यात एकदाच दिल्लीला आलेल्या माणसाला आपल्या माणसाचे नाव सापडेल का, ते त्याच्या डोळ्यांसमोर येईल का, त्याला हात लावता येईल का आणि ते बरोबर लिहिलेले असेल का, हा खरा प्रश्न आहे. या चार गोष्टी साधल्या की आकाराचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, कारण लांबी, उंची, वाट आणि सावली या गोष्टी नावांच्या हिशेबातूनच ठरत जातात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करते. कोणाचे नाव भिंतीवर यावे हे वास्तुविशारद ठरवत नाही. शत्रूच्या गोळीने पडलेला, हिमस्खलनात गाडला गेलेला, सरावातल्या अपघातात गेलेला आणि बेपत्ता झालेला, यांच्यातली रेषा सैन्यदलांचे नियम आणि सरकार ठरवते. कोणत्या वर्षापासूनची नावे घ्यायची हेही तिथेच ठरते. परंतु ही रेषा कुठे आखली आहे हे आपण पहिल्याच बैठकीत विचारून लिहून घेतले पाहिजे, कारण तिच्यावरून नावांची संख्या बदलते आणि संख्या बदलली की सगळे रेखाटन बदलते. प्रबंधात आपल्याला ही मोकळीक आहे की रेषा आपणच आखावी. मात्र आखल्यावर ती उघडपणे मांडावी.

नाव कोरण्याचा आग्रह मी एवढा का धरते, हे समजण्यासाठी लांब जायला नको. आपल्याकडे गावोगावी वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, अशी त्यांची साधारण मांडणी असते. शिल्प म्हणून ते उत्तम आहेत. पण बहुतेकांवर नाव नाही, आणि म्हणून आज गावातले लोक त्याला शेंदूर लावतात, नारळ फोडतात, पण तो कोणाचा हे कोणालाच सांगता येत नाही. याउलट भीमा कोरेगावचा स्तंभ पाहा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्या साध्या शिपायांची नावे त्यावर आहेत, आणि त्यांतल्या ‘नाक’ या शेवटामुळे महार सैनिक ओळखू येतात. त्या काळात जगात बहुतेक ठिकाणी स्मारकावर नाव यायचे ते सेनापतीचे. डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले आणि आजही दरवर्षी लाखो लोक जातात, ते एका आकाराला नमन करायला नव्हे. आपले पूर्वज तिथे होते, याचा लेखी पुरावा त्या दगडावर आहे.

नाव न कोरल्याने काय होते याचे त्याहून कठोर उदाहरण बसऱ्याचे आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहावी पूना डिव्हिजन लढली. कूतच्या वेढ्यात १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा पलटण होती. त्या मोहिमेतील मृतांसाठी १९२९ साली बसरा येथे स्मारक झाले. ब्रिटिश सैनिकांची नावे तिथे कोरली गेली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. पण साध्या भारतीय शिपायांची पलटणीखाली फक्त संख्या कोरली गेली. इतके इतर भारतीय सैनिक, एवढेच. बसऱ्याचे स्मारक उभारणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानेच फ्रान्समध्ये नव्ह शापेल येथे १९२७ मध्ये उभारलेल्या स्मारकावर मात्र ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे एकेक करून कोरलेली आहेत. याच आयोगाने २०२१ मध्ये या भेदभावाची कबुली देऊन क्षमा मागितली. सातारा, रत्नागिरी आणि कोल्हापूरकडच्या किती घरांतले आजे-पणजे त्या आकड्यांत मिसळून गेले असतील, हा विचार मनात आला की मी अजूनही अस्वस्थ होते. म्हणून एक तत्त्व आपण आधीच भिंतीवर टाचून ठेवा: हुद्दा कोणताही असो, अक्षराचा आकार, दगडाची जात आणि कोरण्याची खोली सर्वांना सारखीच.

पराक्रमाचा वेगळा मान ठेवायचा असेल तर तो वेगळ्या जागी ठेवावा, नावांच्या भिंतीवर नव्हे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाने हे नीट केले आहे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या त्या स्मारकात चार वर्तुळे आहेत. मध्यभागी स्तंभ आणि ज्योत असलेले अमर चक्र, त्याभोवती लढायांची सहा कांस्यशिल्पे असलेले वीरता चक्र, मग नावांच्या भिंतींचे त्याग चक्र आणि सर्वांत बाहेर झाडांच्या रांगांचे रक्षक चक्र. परमवीरचक्राच्या २१ मानकऱ्यांचे अर्धपुतळे मात्र परम योद्धा स्थळ या स्वतंत्र भागात आहेत. त्यांतले काही मानकरी हयात आहेत. म्हणजे शौर्याचा सन्मान एका ठिकाणी, मृत्यूची नोंद दुसऱ्या ठिकाणी. ही दोन कामे वेगळी आहेत आणि ती एकत्र केली की साध्या शिपायाचे नाव पदकांच्या झगमगाटात मागे पडते.

त्याग चक्रात १६ भिंती आहेत आणि उद्घाटनाच्या वेळी त्यांवर २५,९४२ नावे होती. प्रत्येक हुतात्म्यासाठी ग्रॅनाइटची स्वतंत्र पाटी आहे आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत नाव आहे. भिंतींची रचना चक्रव्यूहावरून घेतली, असे सांगितले जाते आणि बहुतेक लोक त्या कल्पनेचेच कौतुक करतात. माझ्या मते त्या रचनेतला सर्वांत शहाणा निर्णय स्वतंत्र पाटीचा आहे. का, ते माझ्या एका चुकीवरून सांगते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या स्मारकाचे काम माझ्याकडे होते. साठ-पासष्ट नावे होती. यादी इंग्रजीत टंकलेली आली, ती कार्यालयात देवनागरीत उतरवली गेली, मी वाचून सही केली आणि पाथरवटांकडे पाठवली. बारा-बारा नावांच्या मोठ्या फरशा होत्या. अनावरणाच्या दिवशी सत्तरीच्या पुढची एक बाई नातवाचा हात धरून आली आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत खाली येऊ लागली. एका ओळीशी तिचे बोट थांबले, पुढे सरकले, परत मागे आले. मग माझ्याकडे वळून ती शांतपणे म्हणाली, “ताई, हा माझा भाऊ नव्हे. आम्ही काळे. हा कोणी काले आहे.” इंग्रजीत दोन्ही एकच दिसतात. मी सही करताना एवढे पाहिले नव्हते. दगडात ‘ल’ चा ‘ळ’ होत नाही; त्या एका अक्षरासाठी बारा नावांची फरशी काढून नवी घडवावी लागली आणि ती बसेपर्यंत चार महिने गेले. ती बाई त्या चार महिन्यांत दोनदा येऊन गेल्याचे मला नंतर कळले.

तेव्हापासून माझ्या कामाचा क्रम बदलला. आता मी आधी यादीवर काम करते आणि मग कागदावर रेघ मारते. सैनिकांच्या नोंदी त्यांच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. त्या नोंदी इंग्रजी अक्षरांत असतात, आणि इंग्रजी अक्षरांत ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’, ‘ट’ आणि ‘त’, ‘ड’ आणि ‘द’ हे भेद राहत नाहीत. म्हणून अभिलेखातील नाव घेऊन ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत कुटुंबाकडे पाठवायचे, त्यांच्या हाताने त्यांच्या लिपीत लिहून घ्यायचे आणि त्या कागदावर सही किंवा अंगठा घ्यायचा. शाळेचा दाखला, गावातल्या चौकातली पाटी आणि घरातल्या तसबिरीखालचे नाव यांत फरक निघतो. असा फरक निघाला तर मी घरच्या तसबिरीखालचे नाव धरते, कारण भिंतीपुढे उभे राहून ते नाव वाचणार तेच लोक. अधिकृत नोंदीशी दुवा राहावा म्हणून सैनिक क्रमांक पाटीवर असतोच. एकाच पलटणीत एकाच नावाचे दोघे असले तरी त्या क्रमांकाने ते वेगळे ओळखता येतात. सव्वीस हजार कुटुंबांपर्यंत पोहोचणे अवघड आहे आणि जुन्या युद्धांतल्या कित्येकांचे वारस सापडणारही नाहीत. पण जिथे सापडतील तिथे विचारलेच पाहिजे, आणि प्रबंधातही ही पायरी वेळापत्रकात दाखवा. बांधकामाइतकाच वेळ तिला लागतो.

आता हिशेब. नाव वाचता आणि स्पर्शता यायला हवे असेल, तर भिंतीचा उपयोगी पट्टा जमिनीपासून साधारण ४५० मिलिमीटरवर सुरू होऊन १,७५० मिलिमीटरवर संपतो. त्याहून वरचे नाव म्हाताऱ्या आईला दिसत नाही, त्याहून खालचे वाकून वाचावे लागते. चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी तर वरची मर्यादा आणखी खाली येते. म्हणजे हाती आली १,३०० मिलिमीटर उंची. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींतले अंतर रोमन लिपीपेक्षा जास्त ठेवावे लागते. मी साधारण ३६ मिलिमीटर धरते. एका उभ्या रकान्यात ३६ ओळी बसतात. हुद्दा, नाव आणि क्रमांक यांसाठी रकान्याची रुंदी ४५० मिलिमीटर धरली, तर २६,००० नावांना ७२३ रकाने आणि सुमारे ३२५ मीटर भिंत लागते. हेच प्रत्येकाला ३०० बाय १०० मिलिमीटरची स्वतंत्र पाटी देऊन केले, तर एकावर एक १३ पाट्या बसतात, २,००० रकाने होतात आणि भिंत ६०० मीटर होते. १६ भिंतींत वाटून दोन्ही बाजू वापरल्या तर प्रत्येक भिंत १९ मीटरच्या आसपास येते, ही चालण्याच्या दृष्टीने चांगली लांबी आहे. स्वतंत्र पाटीला दगड जवळपास दुप्पट लागतो; पण तिच्यावर दोन लिपींतल्या दोन ओळी बसतात, चूक झाली तर एकच पाटी बदलते, आणि नवे नाव जोडायला भिंत फोडावी लागत नाही. गलवानमध्ये जून २०२० मध्ये वीरमरण आलेल्या २० जणांची नावे काही महिन्यांतच दिल्लीच्या भिंतीवर आली.

जागा आधी मोजली नाही की काय होते हे बेल्जियममधल्या ईप्र येथील मेनिन गेटवर दिसते. १९२७ साली पूर्ण झालेल्या त्या कमानीवर बेपत्ता सैनिकांची ५४,००० हून अधिक नावे आहेत. तरीही जागा पुरली नाही, आणि १५ ऑगस्ट १९१७ नंतर बेपत्ता झालेल्या ब्रिटिश सैनिकांची नावे काही मैलांवरच्या टाइन कॉट समाधिस्थळाच्या भिंतीवर न्यावी लागली. कमान आधी ठरली होती, नावे नंतर आली. इंडिया गेटकडेही या नजरेने पाहा. ल्युटेन्सने रचलेली आणि १९३१ मध्ये पूर्ण झालेली ती कमान ४२ मीटर उंच आहे आणि तिच्यावर १३,००० हून अधिक नावे आहेत. दूरवरून ती अतिशय भव्य दिसते, परंतु आपल्यापैकी किती जणांनी तिच्यावरचे एक तरी नाव वाचले आहे? नाव उंचावर चढवले की त्याचा नक्षीकामाचा भाग होतो.

क्रमाचा प्रश्न आपण विचारलात, त्याचे एकच बरोबर उत्तर नाही. वर्णानुक्रम शोधायला सर्वांत सोपा असे वाटते, पण भारतीय सैन्याच्या यादीला तो लावून पाहा. आडनावाने लावले तर ‘सिंग’ खाली हजारो नावे येतील, ‘थापा’ आणि ‘यादव’ खाली भिंती भरतील. दक्षिणेकडच्या अनेक नावांत आडनाव नसतेच, वडिलांचे आणि गावाचे आद्याक्षर असते. शिवाय वर्णानुक्रमाने एकाच लढाईत खांद्याला खांदा लावून पडलेले दोन जवान भिंतीच्या दोन टोकांना जातात. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकासाठी माया लिन यांनी, त्या वेळी विद्यापीठात शिकत असताना, मृत्यूच्या तारखेचा क्रम धरला. दोन भिंती जिथे कोनात मिळतात तिथे यादी सुरू होते, उजव्या टोकापर्यंत जाते, डाव्या टोकापासून पुन्हा पुढे चालते आणि त्याच कोनाशी येऊन संपते. पहिला आणि शेवटचा मृत्यू शेजारी येतात. बरोबर पडलेले बरोबर राहतात आणि परत आलेल्या सोबत्याला आपला एक आठवडा, आपली एक टेकडी भिंतीवर सापडते. शोधण्याची अडचण त्यांनी छापील सूचीने सोडवली. सूचीत नाव वर्णानुक्रमाने पाहायचे, समोर फलकाचा आणि ओळीचा क्रमांक असतो. १९८२ साली ५७,९३९ नावांनी सुरू झालेल्या त्या भिंतीवर आता ५८,००० हून अधिक नावे आहेत. तिचा काळा ग्रॅनाइट आपल्या बंगळूर परिसरातल्या खाणींतून गेलेला आहे, हे सहज आठवले म्हणून सांगते.

तो क्रम आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. व्हिएतनामचे युद्ध संपले होते, यादी जवळजवळ बंद झाली होती. आपल्या राष्ट्रीय स्मारकात १९४७-४८ पासून १९६२, १९६५, १९७१, श्रीलंका, सियाचीन, कारगिल आणि सीमेवरच्या रोजच्या चकमकी एकत्र येतात आणि यादी उघडी आहे. म्हणून मी आधी मोहीम किंवा कालखंड, त्यात पलटण किंवा जहाज, आणि पलटणीत तारीख असा क्रम सुचवेन. लडाखमधल्या रेझांग ला येथे १८ नोव्हेंबर १९६२ रोजी १३ कुमाऊंच्या एकाच कंपनीतले ११४ जण पडले. त्यांची नावे एकत्रच वाचली गेली पाहिजेत, नाहीतर त्या दिवशी काय घडले ते भिंतीला कधीच सांगता येणार नाही. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवच्या समुद्रात बुडालेल्या आयएनएस खुकरीवरचे १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह, एका जागी असावेत. त्यांच्या घरच्यांना ना समाधी मिळाली ना अस्थी. ज्यांचा देह समुद्राने किंवा बर्फाने परत दिला नाही त्यांच्यासाठी ती पाटी हीच जागा आहे, आणि अशा पाट्यांपुढे बसायला एक बाक ठेवा, एवढे तरी कराच.

बेपत्तांचे काय, असा प्रश्न परीक्षक विचारतील. व्हिएतनाम भिंतीवर मृत्यूची खात्री झालेल्या नावापुढे हिऱ्याची खूण आहे, बेपत्ताच्या नावापुढे अधिकचे चिन्ह आहे. खात्री झाली की अधिकाचा हिरा होतो, आणि माणूस जिवंत परतला तर त्या अधिकाभोवती वर्तुळ कोरायचे, असे ठरलेले आहे. कोरलेल्या दगडाला पुढे बदलता येईल अशी खूण आधीच देऊन ठेवणे, हे मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडे १९७१ च्या बेपत्तांची कुटुंबे अजून वाट पाहत आहेत. त्यांच्या बाबतीत कुटुंबाची संमती घेतल्याशिवाय एक अक्षरही कोरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिपीबद्दल. राष्ट्रीय स्मारकावर एकाच लिपीत नावे असावीत, म्हणजे एकसंधपणा दिसतो, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि मला तो पटत नाही. पाटीवर पहिली ओळ सर्वांना शोधता येईल अशा समान लिपीत असावी. ती देवनागरी असावी की रोमन, हे सरकार ठरवेल. दुसरी ओळ मात्र त्या जवानाच्या घरच्या लिपीत असावी. तमिळ आईने मुलाचे नाव तमिळमध्ये वाचावे, पंजाबी वडिलांनी गुरुमुखीत. मराठीसाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. देवनागरीचे पुष्कळ टंक, म्हणजे फॉन्ट, हिंदीसाठी घडवलेले असतात. त्यांत ‘ल’ आणि ‘श’ यांचे आपले मराठी वळण नसते आणि ‘कुऱ्हाडे’ मधला अर्धा र चुकीचा पडतो. लहान आकारात कोरल्यावर ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतली गाठ भरून जाते व घुले आणि धुले, भाने आणि माने यांत घोटाळा होतो. म्हणून टंक पडद्यावर निवडू नका. ज्ञानेश्वर, लक्ष्मण, दत्तात्रय, पांडुरंग, कुऱ्हाडे ही पाच नावे प्रत्यक्ष दगडात, प्रत्यक्ष मापात कोरून घ्या आणि दीड मीटरवरून वाचा.

दगडाबद्दल थोडक्यात. वालुकाश्म दिसायला सुंदर आणि दिल्लीचाच वाटतो, पण त्याचे पापुद्रे सुटतात आणि बारीक अक्षर त्यात टिकत नाही. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण भक्कम आहे, मात्र त्यातल्या बारीक छिद्रांमुळे छोट्या अक्षराच्या कडा तुटतात. मोठ्या अक्षरांना तो चालतो. नावांसाठी बारीक कणांचा ग्रॅनाइट मला सर्वांत विश्वासाचा वाटतो. घोटीव काळ्या ग्रॅनाइटवर वाळूच्या फवाऱ्याने उथळ कोरलेली अक्षरे करडी उमटतात आणि कोरड्या दिवशी छान वाचता येतात. आमच्या पाथरवटांनी एकदा नमुन्याच्या फरशीवर बादलीभर पाणी ओतून दाखवले: करडी अक्षरे ओली होऊन काळी पडली आणि सगळी नावे डोळ्यांदेखत विरून गेली, ऊन लागल्यावर वीस मिनिटांनी एकेक करून परत आली. तेव्हापासून मी उथळ अक्षर घेत नाही. ‘व्ही’ आकाराचा खोल छेद घेतला की पावसातही कडेची सावली अक्षर धरून ठेवते. सोनेरी रंग भरायचा असेल तर तो दर काही वर्षांनी पुन्हा भरावा लागेल, त्याची तरतूद देखभालीच्या खर्चात पहिल्या दिवसापासून दाखवा. आणि दिल्लीच्या मे महिन्यात दक्षिण-पश्चिमेकडे तोंड केलेला काळा दगड हात भाजेल इतका तापतो. ज्या नावाला हात लावायचा ते उत्तरेकडे किंवा झाडाच्या सावलीत असावे. आपल्याला सरळ भिंत हवी की वर्तुळ, याचा निर्णय अभिव्यक्तीपेक्षा या सावलीवरून करा. वर्तुळात काही भिंती उन्हात जाणारच, तिथे झाडांची रांग किंवा पुढे आलेली छपरी लागेल.

लोक रिकाम्या हाताने येत नाहीत. हार, सुटी फुले, उदबत्ती, कोणी हळदकुंकू, कोणी पेढा घेऊन येते. नियमांची पाटी लावून हे थांबत नाही आणि थांबवूही नये. भिंतीच्या पायथ्याशी हातभर रुंदीचा उतरता कट्टा, त्यामागे पाणी वाहून नेणारी पन्हळ, जवळ एक नळ आणि संध्याकाळी फुले उचलून नेण्याची जागा, एवढे रेखाटनात असले की दगडावर तेलाचे आणि कुंकवाचे डाग बसत नाहीत. दिल्लीच्या स्मारकात रोज संध्याकाळी एका हुतात्म्याच्या निकटच्या नातेवाइकाच्या हस्ते पुष्पचक्र अर्पण होते. असा रोजचा विधी आपल्या आराखड्यात असेल तर त्या कुटुंबाला आधी त्यांच्या माणसाच्या पाटीपाशी आणि मग ज्योतीपाशी नेणारी, गर्दीतून न जाणारी वाट काढा.

आता आपल्या तीन प्रश्नांची उत्तरे एकत्र देते. भिंतीचा आकार नावांची संख्या, पाटीचे माप आणि सावली यांवरून काढावा. क्रम मोहीम, पलटण आणि तारीख असा ठेवावा आणि प्रवेशाशीच वर्णानुक्रमाची सूची द्यावी, छापील आणि पडद्यावरची दोन्ही. लिपी दोन असाव्यात आणि दुसरी घरची असावी. यांतले पहिले आणि दुसरे उत्तर जागेनुसार आणि सरकारच्या निकषांनुसार बदलू शकते. घरच्या लिपीबद्दलचे माझे मत मात्र बदलणार नाही.

एक गोष्ट आपण विचारली नाही, पण ती आपल्याला टाळता येणार नाही: रिकाम्या पाट्या. यादी उघडी आहे म्हणजे भविष्यातल्या नावांसाठी जागा ठेवावी लागते, आणि आजच्या जवानाला ती जागा दिसते. काहींनी ती मागच्या बाजूला लपवण्याचा सल्ला दिला होता. मी एका कामात तसे केले आणि नंतर आलेली नावे मागच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीकडे तोंड करून गेली. त्या जवानांच्या घरच्यांपुढे उभे राहणे मला जड गेले. म्हणून आता मी प्रत्येक कालखंडाच्या भिंतीनंतर कोऱ्या दगडाचा एक पट्टा त्याच उंचीवर, त्याच उजेडात ठेवते आणि त्यावर पाट्यांचे सांधे आखत नाही. सांधे दिसले की तो वाट पाहणारा रकाना वाटतो. न आखलेला दगड नुसता दगड असतो. नाव आले की तेवढा तुकडा कापून पाटी बसवायची. हे काम महाग पडते, पाथरवटाला दर वेळी जागेवर यावे लागते, पण ते तसेच करावे.

आणि रेखाटनाला बसण्याआधी एवढे करा. ३०० बाय १०० मिलिमीटरच्या पुठ्ठ्याच्या पाट्या कापा, त्यांवर खऱ्या मापात नावे छापा, आपल्या महाविद्यालयाच्या एखाद्या लांब भिंतीवर त्या ४५० पासून १,७५० मिलिमीटरपर्यंत लावा. दोनशे पाट्या पुरतील. मग घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या सत्तरीच्या आजींना, चष्मा असो वा नसो, एक नाव सांगून ते शोधायला लावा. त्या कुठे थांबतात, कुठे वाकतात, बोट कोणत्या अक्षरावर अडते, नाव सापडल्यावर त्या किती मागे सरकतात आणि त्यांच्या मागे उभे राहायला दुसऱ्या माणसाला किती जागा लागते, हे सगळे मोजून वहीत लिहा. भिंतीची उंची, ओळीतले अंतर, अक्षराचे माप आणि पुढच्या फरसबंदीची रुंदी, चारही आकडे त्या वहीत मिळतील. ते मिळाल्यावर पुन्हा लिहा, तेव्हा आपण वर्तुळाविषयी बोलू.